शब्दचर्चा: लहान मेंदूचं 'शिकणं'

प्रश्न: अनुमस्तिष्कातल्या चेतापेशींच्या परिपथांवर बीएस्सीच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. 'मोटर लर्निंग'ला, म्हणजे हालचाली सरावाने शिकण्याला, 'कारक अध्ययन' म्हटलं की वर्ग झोपतो. 'हात बसणे' चालेल का? आणि 'अनुमस्तिष्क' ठेवू की 'लहान मेंदू'?

उत्तर १: बिनधास्त 'लहान मेंदू' लिहा, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही तोच. फक्त हा लहानपणा आकारापुरता, हे सांगून टाका. माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या इथे आहेत.

उत्तर २: 'हात बसणे' नको. नवा चष्मा लावला की सुरुवातीला जमीन हलल्यासारखी वाटते, मग नजर सरावते. तेही याच मेंदूचं काम, त्यात हात कुठे आला? 'अंगवळणी पडणे' बरं.

उत्तर ३: अंगवळणी तर वाईट खोडही पडते, नुसत्या पुनरावृत्तीने! इथे चूक कळावी लागते. लहान मेंदूतल्या एका पुर्किंये पेशीवर (ही तिथली मोठी चेतापेशी) निरोप आणणारे लाखाहून जास्त समांतर तंतू येतात, पण दुसऱ्या प्रकारचा, आरोही तंतू एकच. 'चुकलं' हा निरोप तोच आणतो, असं मानतात. डेव्हिड मार (१९६९) आणि जेम्स अल्बस (१९७१) या दोघा संशोधकांनीही आपापल्या सिद्धांतात त्याला शिक्षकाची भूमिका दिली. मारच्या मते त्याच्यामुळे समांतर तंतूंचे त्या पेशीशी असलेले जोड बळकट व्हायचे, अल्बसच्या मते दुबळे. १९८२ मध्ये मासाओ इतो यांच्या प्रयोगांत ते दुबळे होताना दिसले. म्हणून मी 'गिरवणे' सुचवेन. खाली कित्ता असतो, रेघ सुटली की लगेच दिसते.

प्रश्नकर्ती: 'गिरवणे' आवडलं. मग व्याख्येतच 'जोड दुबळे होणे' घालू?

उत्तर ३: नका. तो दुबळेपणा येऊच शकत नाही असे उंदीरही नेहमीसारखे शिकले, हे २०११ मध्ये दाखवलं गेलंय. यंत्रणा एकच नसावी. व्याख्या मोकळी ठेवा.

उत्तर २: पण 'गिरवणे' म्हणजे सराव झाला, आणि प्रश्न त्यातून काय साधतं याचा आहे. मुलगा गिरवतो, अक्षर अंगवळणी पडतं. दोन्ही क्रियापदं लागतील.

उत्तर १: आणि 'कारक अध्ययन' एकदा तरी ठळक लिहा बाई, पेपरात तेच विचारतील.