मदत हवी आहे: ‘देवाचं प्रतिरूप’ पोरांना कसं समजावू?

सगळ्यांना जय ख्रिस्त. मी संडे स्कूलला शिकवते, परवा बायबलमधलं उत्पत्ती 1:27 घेतलं, देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं वगैरे, तर एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा हातातलं बिस्कीट खाली ठेवून म्हणाला, टीचर, आमची आजी आता कुणालाच ओळखत नाही, मग ती पण प्रतिरूपच का? मी पटकन हो म्हटलं पण का ते सांगता येईना. माझ्या नोट्समध्ये प्रतिरूप म्हणजे बुद्धी आणि विवेक असं लिहिलंय, ते आजीला कसं लावायचं? याकोब 3:9 मध्ये सरसकट माणसंच देवासारखी घडवलेली म्हटलीयत, हुशारीची अट कुठेय? की कलस्सै 1:15 पासून, जिथे ख्रिस्तालाच अदृश्य देवाचं प्रतिरूप म्हटलंय, म्हणजे ख्रिस्तापासूनच सुरू करू? रविवारच्या आत एखादं सोपं उदाहरण सुचवा ना प्लीज, आरशाचं नको, ते ऐकून पोरं कंटाळलीत.