सोसायटी ग्रुप: इतिवृत्तातील ‘अहंमन्य’ या शब्दाबाबत

*ए-७०४:* सचिव महोदय, विशेष सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा वाचला. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या विषयाखाली ‘एका ज्येष्ठ सभासदांच्या अहंमन्य व आत्मसंतुष्ट भूमिकेमुळे पाण्याची चाचणी झाली नाही’ असे वाक्य आहे. हे ज्येष्ठ सभासद कोण, ते आपल्या तिन्ही विंगमध्ये कोणीही सांगेल. इतकी वर्षे विनामोबदला खजिनदारी सांभाळली, त्याची परतफेड या भाषेत होणार असेल तर मला लेखी खुलासा हवा.

*सचिव:* साहेब, आपल्याविषयी समितीला आदरच आहे. हे दोन्ही शब्द सभेत उच्चारले गेले होते आणि मसुद्यात ते जसेच्या तसे नोंदवले आहेत.

*सी-१०२:* इतिवृत्तात ठराव, सूचक, अनुमोदक आणि मतांची संख्या असते. सभासदांच्या स्वभावाचे वर्णन त्यात नसावे. ते वाक्य वगळावे, ही विनंती.

*बी-७०१:* शब्दांचे दुःख मोठे की घराचे, हे एकदा ठरवा. आमच्या बेडरूममध्ये पंख्याच्या हुकाभोवती पिवळे वर्तुळ उमटले असून त्याच्या कडेने रंगाचे पापुद्रे सुटत आहेत, आणि खाली ठेवलेली बादली रात्री उठून रिकामी करावी लागते. ‘यंदा एक थेंब गळणार नाही, लिहून घ्या,’ असे काका भर सभेत म्हणाले होते.

*ए-७०४:* ताई, तो माझा विश्वास होता. विश्वास बाळगणे हा गुन्हा कधीपासून झाला?

*ए-३०५:* काका, राग मानू नका, पण याला मुंबईच्या भाषेत ‘शाणपट्टी’ म्हणतात.

*ए-७०४:* पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या जागेत स्कूटर लावणाऱ्यांनी मला भाषा शिकवू नये.

*सी-१०२:* विषय पार्किंगचा नाही. इतिवृत्तातील ते वाक्य वगळावे, ही विनंती पुन्हा नोंदवतो.

*बी-२०३:* सर्वांना नमस्कार. मी आयुष्यभर मराठी शिकवली, त्यामुळे या वादात बोलणे मला माझे कर्तव्य वाटते. आपण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत आहोत, मात्र त्यांतील प्रत्येक शब्द वेगळा आरोप करतो. ‘अहंमन्य’ म्हणजे स्वतःला मोठा मानणारा. ‘पंडितंमन्य’ही त्याच घडणीचा, स्वतःला पंडित समजणारा. ‘आत्मसंतुष्ट’ माणूस कोणाला तुच्छ लेखेलच असे नाही. आहे त्यात त्याचे समाधान झालेले असते आणि म्हणून तो पुढे तपासायचे थांबतो. ‘गर्विष्ठ’ दुसऱ्याला कमी लेखतो, ‘बढाईखोर’ न केलेल्या कामाचेही श्रेय सांगतो, आणि ‘आढ्यताखोर’ या शब्दात तर मुळात श्रीमंतीचा ताठा आहे, कारण संस्कृतात ‘आढ्य’ म्हणजे धनवान. काकांनी श्रीमंती मिरवली, असे त्यांचा विरोधकही म्हणणार नाही.

*ए-३०५:* बाई, मग ‘दीडशहाणा’ चालेल का?

*बी-२०३:* मुळीच नाही. त्या शब्दात हेटाळणी आहे, आणि हेटाळणीने काय चुकले ते कळत नाही. ‘शिष्ट’ या शब्दाचेच पाहा. ‘शिष्टाचार’ आणि ‘शिष्टमंडळ’ यांत तो सन्मानाने बसतो, पण ‘ती बाई फार शिष्ट आहे’ म्हटले की त्याचा अर्थ तुसडी, नाक वर करून चालणारी असा होतो. ‘शहाणा’ हा शब्दही स्वर बदलला की शिवी होतो. इतिवृत्तात स्वर ऐकू येत नाही, म्हणून तिथे असा शब्द लिहिणे मला धोक्याचे वाटते.

*बी-७०१:* बाई, समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे स्पष्ट शब्दांत सांगितली आहेत. आपणच तेवढे भिडस्त का व्हायचे?

*बी-२०३:* ताई, त्या ग्रंथाच्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात मूर्खाची आणि दहाव्या समासात पढतमूर्खाची लक्षणे आहेत. आपली स्तुती आपणच करणारा पहिल्यात येतो, बहुश्रुत असूनही अभिमान धरणारा दुसऱ्यात. मात्र समर्थांनी कोणाचे नाव किंवा घर सांगितलेले नाही. त्यांनी वागणे सांगितले, ते वाचून ज्याचे त्याने स्वतःला तपासावे म्हणून. आपल्या मसुद्यात माणूस ओळखू येतो आणि त्याचे वागणे मात्र एका विशेषणात गुंडाळले जाते. माझा आक्षेप एवढाच आहे.

*सी-१०२:* म्हणूनच ते वाक्य वगळावे.

*बी-७०१:* वगळले तर पुढच्या पावसाळ्यात हेच होईल. कंत्राटदाराचे शेवटचे बिल देण्यापूर्वी गच्चीत पाणी साठवून दोन दिवस ठेवा आणि खालच्या घरांची छते पाहा, अशी मागणी मी हात वर करून केली होती. ‘तुम्हाला ब्रिकबॅट कोब्यातले काय कळते,’ असे उत्तर मिळाले. बाई, याला कोणता शब्द लावायचा?

*बी-२०३:* तुम्हाला मिळालेल्या उत्तराला ‘उर्मट’ म्हणावे लागेल, आणि काका, हे मी आपल्याविषयी आदर ठेवूनच लिहीत आहे. चाचणीविना बिल मंजूर करण्याला मात्र ‘फाजील आत्मविश्वास’ हाच नेमका शब्द आहे. आत्मविश्वास हवाच, कारण त्याच्या बळावर काकांनी तीन कंत्राटदारांशी घासाघीस करून सोसायटीचे पैसे वाचवले. तपासून पाहायची गरजच वाटेनाशी झाली, तिथे तो फाजील झाला.

*ए-७०४:* बाई, आपण तोलून लिहिले आहे, ते मी वाचले. ‘अहंमन्य’ मला मान्य नाही.

*सचिव:* सुधारित वाक्य असे: ‘कामाच्या दर्जाविषयी फाजील आत्मविश्वास बाळगून, सभासदांची मागणी असतानाही पाणी साठवून चाचणी न घेता अंतिम बिल मंजूर करण्यात आले.’ कोणत्याही सभासदाचा उल्लेख राहणार नाही. आपल्या हरकती उद्या रात्रीपर्यंत कळवाव्यात.

*सी-१०२:* विशेषण अजूनही आहे. ‘फाजील’ वगळावे.

*ए-७०४:* या मुद्द्यावर मी सी-१०२ यांच्याशी सहमत आहे.

*बी-७०१:* ‘फाजील’ काढले तर मी इतिवृत्ताला मंजुरी देणार नाही.

*बी-२०३:* हे विशेषण आत्मविश्वासाला आहे, माणसाला नाही. माझे मत ते ठेवण्याच्या बाजूने नोंदवावे.