मदत हवी आहे: संपमधून (टाकीखालच्या गाळणीच्या पेटीतून) माशांच्या टाकीत येणारे बारीक बुडबुडे कसे थांबवायचे?

200 लिटरची गोड्या पाण्याची टाकी, खाली 60×30×30 सेंमीचा काचेचा संप. पहिल्या कप्प्यात ओव्हरफ्लोचा (वरच्या टाकीतून ओसंडणारं पाणी खाली आणणारा) पाइप आणि स्पंज, मधल्यात गाळणीच्या सिरॅमिक रिंग, शेवटच्या 20×30 सेंमीच्या कप्प्यात पाण्यात बुडवलेला रिटर्न पंप (पाणी परत वर टाकीत ढकलणारा), ताशी 2000 लिटरचा. रिटर्नच्या तोंडातून टाचणीच्या डोक्याहून बारीक बुडबुडे धुरासारखे निघतात, पाणी दुधाळ दिसतं, पानांना बुडबुडे चिकटून राहतात. पाणी बदललं की दोन दिवस ठीक, चौथ्या दिवशी पुन्हा तेच. कप्प्यांमधल्या काचांची फट 2.5 सेंमी आहे. काचा काढून फट वाढवावी लागेल का? माशांना काही अपाय?

प्रतिसाद १
काचांना इतक्यात हात लावू नका. 'दोन दिवस ठीक, चौथ्या दिवशी तेच' यातच निम्मं उत्तर आहे. वरच्या टाकीची पातळी ओव्हरफ्लोच्या काठाने ठरते, त्यामुळे बाष्पीभवनाची सगळी घट पंपाच्या कप्प्यात दिसते. तो 600 चौरस सेंमीचा, म्हणजे एक लिटर उडालं की पातळी सुमारे 1.7 सेंमी उतरते. चार लिटर उडालं की साडेसहाच्या वर. मग शेवटच्या काचेवरून पाणी उंचावरून कोसळतं आणि हवा खोलवर ओढून नेतं. शिवाय पंपाच्या तोंडावर भोवरा धरतो. आत गेलेली हवा पंपाचं पातं कुटून बारीक करतं, आणि तुम्हाला दिसतो तो धूर.

कप्प्यात पाणी भरा, शेवटच्या काचेवरून पडणारी धार जेमतेम एक-दोन सेंमीची राहू द्या, आणि वीस मिनिटं थांबा. धूर विरला तर कारण हेच. एक मात्र विसरू नका: भरल्यावर पंप बंद करून बघा. वरून उतरणारं पाणी संपात मावलं पाहिजे, नाहीतर वीज गेली की जमिनीवर तळं. मावत असेल तर त्या पातळीला मार्करने रेघ मारा आणि रोज तिथपर्यंत भरा.

प्रतिसाद २
फटीबद्दल. ताशी 2000 लिटर म्हणजे सेकंदाला 555 घन सेंमी. 30 सेंमी रुंद, 2.5 सेंमी फटीत वेग होतो 7.4 सेंमी प्रति सेकंद. 0.1 मिमीचा बुडबुडा सेकंदाला जेमतेम अर्धा सेंमी वर चढतो, तो तिथे वाहूनच जाणार. फट दुप्पट केली तरी वेग 3.7, म्हणजे बारीक बुडबुडे तरीही वाहून जाणारच. म्हणून हवा पाण्यात मिसळते तिथेच थांबवायची. ओव्हरफ्लोच्या पाइपचं तोंड पाण्याखाली 2-3 सेंमीच ठेवा. फार खोल गेलं तर पाइपमधली हवा अडते, गडगडाट होतो आणि हवा उसळत बाहेर पडते. त्या तोंडाला भरड स्पंज लावा: बारीक बुडबुडे त्यात एकमेकांना मिळून मोठे होतात आणि वर येतात. तो दर आठवड्याला पिळून धुवा, चोंदला की पाणी वरून वाहतं.

प्रवाह कमी करायचा असेल तर व्हॉल्व्ह पंपाच्या बाहेर जाणाऱ्या नळीवर बसवा, ओढणाऱ्या बाजूला कधीच नको.

प्रश्नकर्ता
पाणी भरल्यावर भोवरा गेला, धूर बराच कमी झाला. पंप बंद केला तेव्हा संपाच्या काठाखाली 4 सेंमी जागा उरली. तरी रिटर्नच्या तोंडाशी थोडे बुडबुडे आहेत.

प्रतिसाद १
रिटर्नच्या पाइपला उलट सायफन (पंप बंद झाल्यावर टाकीतलं पाणी त्याच पाइपने खाली ओढलं जाणं) तोडण्यासाठी भोक असेल, तर ते पाण्याच्या पातळीच्या वर आहे का बघा. वर असलं तर त्यातून उडणारी पिचकारी पृष्ठभागावर आपटून हवा मिसळते. ते पातळीच्या 1 सेंमी खाली आणा; अजून खाली नेलं तर पंप बंद झाल्यावर जास्त पाणी संपात उतरेल. भोक तिथे नसेल तर पंपाला हवा ओढणारी छोटी नळी आहे का तपासा, असल्यास बुजवा.

माशांचं म्हणाल तर नुसत्या बुडबुड्यांनी सहसा काही होत नाही. पण पंपात सतत हवा ओढली गेली तर ती दाबाखाली पाण्यात जास्त विरघळू शकते. पर किंवा डोळ्यांजवळ बुडबुडे दिसले तर त्याच दिवशी हवा शिरण्याची जागा बंद करा.