अनुभव धागा: कॉलेजात असताना फौजेची वाट कशी निवडलीत?

आमच्या घरात फौजेत कुणीच नाही. भाची एफवाय बीएस्सीला आहे आणि तिने परवा विचारलं, "मामी, एनसीसी घेऊ की सीडीएसचा, म्हणजे पदवीनंतर फौजेत अधिकारी व्हायच्या लेखी परीक्षेचा, क्लास लावू?" शेजारचे काका म्हणाले, बारावीनंतरची एनडीए हुकली की संपलंच. तसं नाही, एवढं मला कळलंय. पुढचं तुम्ही सांगा. वाट अर्ध्यात सोडली असेल तरी लिहा. क्लासच्या जाहिराती मात्र नकोत.

कोल्हापूरकर, बीए इतिहास
एनसीसीत गेलो ते परेडनंतरच्या नाश्त्यासाठी, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या वर्षी 'सी' सर्टिफिकेटला बी ग्रेड आली तेव्हा सर म्हणाले, तुला लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत. एनसीसीच्या सीनियर डिव्हिजनची दोन-तीन वर्षं, 'सी'ला किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के, एवढं हातात हवं. गणित म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा, त्यामुळे ही स्पेशल एंट्री म्हणजे लॉटरीच वाटली.

पण लेखी टळली म्हणून चाळणी टळत नाही. पहिल्यांदा अलाहाबादला गेलो. पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि मग गटात बोलायचं. आमच्या गटात नुसता मासळीबाजार, आणि मी वर्गात बसल्यासारखा हात वर करून! दुपारी चेस्ट नंबर वाचले, माझा नव्हता. पेरूची पिशवी घेऊन परतीची गाडी धरली.

पुढच्या वेळी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथून नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीचा कोर्स मिळाला. राहणं, जेवण, सगळं मोफत. एक पैसा न घेता त्यांनी माझं मोडकंतोडकं इंग्रजी बोलतं केलं. त्या वेळी नंबर वाचला गेला. चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, ४९ आठवडे काढले. भाचीला सांगा, एनसीसी पहिल्या वर्षीच घ्यायची. दुसऱ्या वर्षी जाग आली तर 'सी'पर्यंत पोचता पोचता पदवी संपते.

कोथरूडची, माजी कॅप्टन
एनसीसीच्या एंट्रीत मुलींच्या जागा अगदी मोजक्या असतात, म्हणून फक्त तिच्यावर बसू नका. मी टीवायला असतानाच सीडीएसचा फॉर्म भरला; शेवटच्या वर्षाला चालतो. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. मुलांना डेहराडूनच्या आयएमएचा, म्हणजे लष्करी अकादमीचा, पर्याय होता, आम्हा मुलींना ओटीएचाच. ओटीएला इंग्रजी आणि सामान्य ज्ञान हे दोनच पेपर, गणित नाही. ओटीएतून मिळते ती ठरावीक वर्षांची नोकरी, म्हणून तेव्हा मैत्रिणी म्हणायच्या, दहा वर्षांनी बाहेर पडून काय करणार? २०२० मध्ये महिलांना कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, देण्याचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि तो प्रश्नच बदलला. मी तरीही बाहेर पडले. कारण घरचं होतं, पश्चात्ताप नाही.

मेकॅनिकल, पुणे
इंजिनिअरांसाठी फौजेच्या दोन वाटा, टीजीसी आणि एसएससी टेक; त्यातली कुठली, यावर आम्ही सगळे कट्ट्यावर तासन्‌तास भांडायचो. टीजीसी म्हणजे आयएमए आणि कायमस्वरूपी कमिशन, टेक म्हणजे ओटीए आणि शॉर्ट सर्व्हिस. प्रत्यक्षात निवड आम्ही केलीच नाही, मार्कांनी केली. लेखी नसते, इंजिनिअरिंगच्या टक्केवारीवर बोलावतात. मला एकाचंच बोलावणं आलं. एसएसबीत रेकमेंड झालो, म्हणजे निवडलो गेलो, आणि मेडिकलला अडकलो. कारण? कानातला मळ! टेम्पररी रिजेक्ट. ४२ दिवसांत कान साफ करून पुन्हा गेलो, फिट झालो, पण मेरिट लिस्टमध्ये नाव नव्हतं. आता चाकणला असतो. भाचीचे कान आधी ईएनटीला दाखवा, हसू नका.

आकाशवेडा
एअरफोर्सचं एकच सांगतो. एएफकॅट या त्यांच्या प्रवेश परीक्षेतून फ्लाइंगला, म्हणजे पायलट व्हायला, बारावीला गणित आणि फिजिक्स लागतं. माझं बायोलॉजी होतं. हे मला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी कळलं.

तीनदा कॉन्फरन्स आऊट
भोपाळ, बंगळुरू, पुन्हा भोपाळ. तिन्ही वेळा पाच दिवस पूर्ण केले, तिन्ही वेळा शेवटच्या दिवशी नाव नाही. सीडीएसने गेलो होतो आणि एनसीसीनेही. खोलीत शेजारच्या खाटेवर इंजिनिअरही असायचा. दार कुठलंही असो, आत तीच साठ शब्दांची चाचणी, तोच दोर, तीच मुलाखत. तेव्हा एंट्रीवरून डोकं फोडण्यापेक्षा पात्र असाल ते सगळे फॉर्म भरा. एकाच्या निकालाची वाट बघत मी एक अख्खं वर्ष वाया घालवलं. आता बँकेत आहे. सकाळी पळायची सवय सुटली नाही, बायको वैतागते.

धागाकर्ती मामी
सगळ्यांचे आभार. भाचीचं बारावीला गणित होतं, ते एक बरं झालं. सोमवारी कॉलेजच्या मैदानावर एनसीसीची भरती आहे, आधी पळायला लावतात म्हणे. बूट माझ्या मुलाचे घेऊन गेली आहे, एक नंबर मोठे आहेत. ईएनटीची वेळ शनिवारची मिळाली.