कर्नल मॉड्यूलमध्ये बफर अपुरा पडल्यास नेमके काय परत करावे?

रानवाट (प्रश्न)

मी लिनक्ससाठी एक कर्नल मॉड्यूल, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला जोडला जाणारा कोड, लिहीत आहे. एका नियंत्रकाला जोडलेल्या सर्व सेन्सरांची नावे आणि त्यांची ताजी मोजमापे प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलप्रणालीतील एका फाइलमधून दाखवणे हे त्याचे काम आहे. त्यासाठी मी ४०९६ बाइटांचा बफर (तात्पुरती स्मृती) घेतो, प्रत्येक सेन्सरची ओळ एसएनप्रिंटएफ या मजकूर लिहिणाऱ्या फंक्शनने त्यात लिहितो, त्या फंक्शनने परत केलेली संख्या एकूण लांबीत मिळवत जातो आणि शेवटी तेवढे बाइट कॉपी_टू_यूजरने वाचणाऱ्याला देतो. पूर्वी येथे बफरचा आकार न पाहणारे एसप्रिंटएफ होते; बफरच्या बाहेर लिहिले जाऊ नये म्हणून मी ते बदलले.

माझा पॅच तपासणाऱ्या व्यक्तीने त्यावर एवढेच लिहिले की ओव्हरफ्लो (बफरच्या बाहेर जाणे) टाळला आहे, पण हाताळलेला नाही. बफर भरल्यावर ऋण त्रुटी-क्रमांक परत करावा, यादी तेथेच तोडावी, की आणखी काही करावे, हे मला ठरवता येत नाही. कर्नलमध्ये याबाबत रूढ पद्धत कोणती आहे?

अक्षांश

तपासणाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. किंबहुना तुमच्या सध्याच्या कोडमध्ये ओव्हरफ्लो पुरता टळलेलाही नाही. लिहिताना होणारा ओव्हरफ्लो आता वाचताना होतो आहे.

एसएनप्रिंटएफ प्रत्यक्ष लिहिलेल्या बाइटांची संख्या परत करत नाही; जागा पुरेशी असती तर किती बाइट लिहिले गेले असते, ती संख्या परत करते. शेवटची ओळ बफरात मावली नाही तरी तिची पूर्ण लांबी तुमच्या बेरजेत मिळते आणि एकूण लांबी ४०९६ च्या पुढे जाते. त्यानंतरच्या ओळीसाठी तुम्ही 'आकार वजा लांबी' ही वजाबाकी करता, तिचे उत्तर अनसाइन्ड, म्हणजे ऋण होऊ न शकणारी संख्या, असल्याने प्रचंड मोठे येते. कर्नलमधील प्रिंटएफ इतका मोठा आकार दिसल्यास इशारा नोंदवून शून्य परत करते, म्हणून तेथे तुम्ही वाचता. पण लांबी मात्र फुगलेलीच राहते, आणि कॉपी_टू_यूजर बफरच्या पलीकडची कर्नलची स्मृती वाचणाऱ्याच्या हाती देते. त्या स्मृतीत दुसऱ्या कोणाची गुप्त किल्ली असू शकते, कर्नलमधले पत्ते असू शकतात. २०१६ साली ४.८ आवृत्तीत आलेली हार्डन्ड यूजरकॉपी ही तपासणी चालू असेल तर असा प्रयत्न पकडला जातो, परंतु ती प्रत्येक यंत्रावर चालू असेलच असे गृहीत धरता येत नाही.

एससीएनप्रिंटएफ वापरल्यास ते प्रत्यक्ष लिहिलेली संख्याच परत करते आणि स्मृतीचा प्रश्न सुटतो. पण मग यादी निमूटपणे मध्येच तुटते. वाचणाऱ्या प्रोग्रामला फाइल संपल्याची खूण मिळते, कोणतीही त्रुटी दिसत नाही, आणि सेन्सर एवढेच आहेत असे तो समजतो. ज्या यंत्रणेत या यादीवरून निर्णय घेतले जातात, तेथे हे त्रुटी परत करण्यापेक्षाही वाईट आहे, कारण त्रुटी निदान कळते.

म्हणून मी आधी एकच प्रश्न विचारतो: अपुरा पडलेला बफर कोणाचा आहे आणि तो मोठा करणे कोणाच्या हातात आहे? तुमच्या उदाहरणात बफर कर्नलने स्वतः घेतलेला आहे. तो लहान पडला यात वाचणाऱ्याचा काहीही दोष नाही, तेव्हा त्याला त्रुटी देणे अन्यायाचे ठरेल. कर्नलनेच मोठा बफर घेऊन पुन्हा लिहायला हवे. सेक_फाइल ही अशा फाइलींसाठी कर्नलमध्येच असलेली सोय हेच करते. तिचा बफर सुरुवातीला स्मृतीच्या एका पानाचा (बहुधा ४०९६ बाइटांचा) असतो. एकेक नोंद लिहिणाऱ्या तुमच्या शो फंक्शनने लिहिलेली नोंद मावली नाही आणि ती बफरातील पहिलीच नोंद असेल, तर तो बफर मोकळा करून दुप्पट आकाराचा घेतला जातो आणि शो पुन्हा बोलावले जाते. आधीच्या काही नोंदी मावलेल्या असतील, तर अर्धवट नोंद टाकून देऊन आधीच्या पूर्ण नोंदी वाचणाऱ्याला दिल्या जातात, आणि ती नोंद पुढच्या वाचनात पहिल्यापासून लिहिली जाते.

यातून दोन बंधने येतात आणि ती अनेकदा मोडली जातात. एकाच नोंदीसाठी शो एकापेक्षा अधिक वेळा बोलावले जाऊ शकते, त्यामुळे त्याने फक्त दाखवावे, काही बदलू नये. 'वाचले की गणक शून्य करा' असे काम तेथे ठेवल्यास पहिल्या फेरीतच आकडे नाहीसे होतात आणि दुसऱ्या फेरीत शून्ये छापली जातात. दुसरे बंधन असे की बफर भरला म्हणून शोने त्रुटी परत करू नये. पूर्वी सेक_प्रिंटएफ हे सेक_फाइलच्या बफरात लिहिणारे फंक्शन बफर भरल्यावर उणे १ परत करत असे आणि अनेक ड्रायव्हर ती संख्या तशीच पुढे पाठवत. सेक_फाइलच्या दृष्टीने शोने दिलेली ऋण संख्या ही खरी त्रुटी असते, म्हणून ती मोठ्या बफरने पुन्हा प्रयत्न करत नसे. आणि उणे १ म्हणजे ई-पर्म असल्याने वापरकर्त्याला 'परवानगी नाही' असा पूर्णपणे दिशाभूल करणारा संदेश दिसे. २०१५ साली ही परतावा-संख्याच काढून टाकण्यात आली आणि, शो फंक्शनला एखादे लांबलचक काम मध्येच सोडायचे असेल तर विचारता यावे म्हणून, सेक_हॅज_ओव्हरफ्लोड हे वेगळे फंक्शन देण्यात आले. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण चुकीचे वापरता येणारे उत्तरच त्याने शिल्लक ठेवले नाही.

बफर वापरकर्त्याने दिलेला असेल तर उत्तर वेगळे. तेथे तो मोठा करणे त्याच्याच हातात असते, म्हणून ई-रेंज (जागा अपुरी असल्याचा त्रुटी-क्रमांक) परत करावे आणि किती जागा लागेल हे विचारण्याची सोयही ठेवावी. फाइलचे विस्तारित गुणधर्म वाचणारा गेटएक्सअॅटर हा कॉल असाच चालतो: आकार शून्य दिला की तो लागणारा आकार सांगतो, अपुरा दिला की ई-रेंज देतो.

रानवाट

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. यादीचा भाग मी सेक_फाइलवर नेतो. याच मॉड्यूलमध्ये एक आयऑक्टलही, म्हणजे उपकरणाला आज्ञा देण्याचा कॉलही, आहे, ज्यात वापरकर्ता सेन्सरांची संख्या आणि प्रत्येकी ६४ बाइटांच्या तेवढ्या नोंदी देतो. ही संख्या मर्यादेबाहेर असल्यास मी बग_ऑन (अट खरी ठरल्यास कर्नलचे काम तेथेच थांबवणारा मॅक्रो) लावले आहे. स्मृती बिघडलेल्या अवस्थेत यंत्र चालू राहण्यापेक्षा ते थांबलेले बरे, असा त्यामागचा विचार आहे. तो योग्य आहे का?

घाटमाथा

विचार प्रामाणिक आहे, पण तो येथे लागू होत नाही, कारण तुमच्या तपासणीच्या क्षणी स्मृती अजून बिघडलेलीच नाही. एका वापरकर्त्याने चुकीची संख्या दिली, एवढेच घडले आहे. त्याला ई-इनव्हॅल (चुकीचे मूल्य दिल्याची त्रुटी) परत करा आणि काम संपवा. बग_ऑन लावल्यास ते उपकरण उघडण्याची परवानगी असलेला कोणीही, एका आयऑक्टलने, संपूर्ण यंत्र अडकवू शकतो: चालू प्रक्रिया मारली जाते, तिने धरलेले लॉक सुटत नाहीत, आणि त्यांची वाट पाहणाऱ्या बाकीच्या प्रक्रिया कायमच्या खोळंबतात. कर्नलच्या दस्तऐवजांतही बग वर्गातील मॅक्रो नव्या कोडमध्ये वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. फक्त इशारा नोंदवणारे वॉर्न_ऑनसुद्धा येथे नको, कारण काही ठिकाणी यंत्रे पॅनिक_ऑन_वॉर्न चालू ठेवून वापरली जातात आणि तेथे इशारा म्हणजेच बंद पडणे असते. कधीच घडू नये अशा अंतर्गत विसंगतीसाठी वॉर्न_ऑन आहे. बाहेरून आलेली चुकीची संख्या ही घडणारच अशी गोष्ट आहे.

आता तपासणीच्या गणिताबद्दल, कारण माझ्या मते खरा धोका तेथे आहे. सीव्हीई-२०२२-०१८५ या क्रमांकाने नोंदलेल्या लिनक्समधील सुरक्षा-दोषाचे उदाहरण अवश्य वाचावे. माउंटचे, म्हणजे फाइलप्रणाली जोडतानाचे, पर्याय एका पानाच्या बफरात जमा करणाऱ्या फंक्शनमध्ये तपासणी होती, आणि ती वाचताना अगदी बिनचूक वाटते: नव्या पर्यायाची लांबी 'पानाचा आकार वजा २ वजा आतापर्यंत भरलेला आकार' यापेक्षा मोठी असल्यास नाकारा. भरलेला आकार ४०९५ झाला की ४०९४ मधून ४०९५ वजा होतात, अनसाइन्ड गणितात उत्तर अवाढव्य येते, आणि त्यापुढे कोणतीच लांबी मोठी ठरत नाही. तपासणी जागच्या जागी राहिली आणि तिचा अर्थ मात्र नाहीसा झाला. यूजर नेमस्पेस (वापरकर्त्यांचे वेगळे केलेले क्षेत्र) तयार करू शकणाऱ्या साध्या वापरकर्त्यालाही यातून रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होता येत होते. हा दोष ५.१ आवृत्तीपासून होता. जानेवारी २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती एका ओळीची आहे, ती म्हणजे वजाबाकीऐवजी डाव्या बाजूला बेरीज. तेथे बेरजेतील संख्या लहान असल्याने ती सुरक्षित आहे. संख्या थेट वापरकर्त्याकडून येत असतील तर बेरीजही उलटू शकते, म्हणून बेरीज उलटल्यास तसे सांगणारे चेक_अॅड_ओव्हरफ्लो वापरावे.

गुणाकाराचेही तसेच आहे. ३२-बिट यंत्रावर कोणी ६,७१,०८,८६५ ही संख्या दिली आणि तुम्ही तिला साध्या चिन्हाने ६४ ने गुणले, तर उत्तर ६४ येते. कर्नलमध्ये स्मृती देणारे केमॅलॉक आनंदाने ६४ बाइट देते आणि पुढचा लूप कोट्यवधी नोंदी लिहू लागतो. केमॅलॉक_अॅरे असा गुणाकार ओळखून नल परत करते. तरीही उपकरणाची खरी मर्यादा आधी तपासा. उपकरणाला २५६ सेन्सर जोडता येत असतील, तर २५७ ही संख्या स्मृती मागण्याआधीच नाकारली गेली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. संख्या वापरकर्त्याच्या स्मृतीतून एकदाच वाचा. आधी शीर्षक (संख्या असलेला सुरुवातीचा भाग) वाचून संख्या तपासायची आणि मग शीर्षकासह सगळी रचना पुन्हा कॉपी करायची, असे केल्यास मधल्या काळात दुसरा थ्रेड ती संख्या बदलू शकतो आणि तपासलेली संख्या एक, वापरलेली दुसरी अशी अवस्था होते. तसेच कॉपी_फ्रॉम_यूजर कॉपी न झालेल्या बाइटांची संख्या परत करते, जी धन असते. ती थेट परत करू नका, शून्य नसल्यास ई-फॉल्ट (चुकीच्या पत्त्याची त्रुटी) द्या.

सोनचाफा

नोंदींमध्ये सेन्सरचे नाव आहे, त्याबद्दल थोडे. नाव मावले नाही तर तोडावे की नाकारावे, हे त्या नावाच्या उपयोगावर ठरते. लिनक्समध्ये नेटवर्क इंटरफेसचे नाव आणि थ्रेडचे नाव, दोघांनाही स्ट्रिंगचा शेवट दाखवणाऱ्या शून्यासह १६ बाइट मिळतात. पण लांब इंटरफेस-नाव नाकारले जाते, तर पीआरसीटीएल या कॉलने दिलेले लांब थ्रेड-नाव बिनबोभाट तोडले जाते. इंटरफेसच्या नावाने पुढे ती वस्तू शोधली जाते, त्यामुळे तोडलेली दोन नावे सारखी झाली तर चुकीच्याच इंटरफेसवर काम होईल. थ्रेडचे नाव माणसाला ओळख पटावी एवढ्यासाठीच असते. तुमची सेन्सर-नावे पहिल्या प्रकारची दिसतात, म्हणून नाकारा.

स्ट्रिंग कॉपी करण्यासाठी स्ट्रएससीपीवाय वापरा. ते ४.३ आवृत्तीपासून आहे आणि नाव मावले नाही तर उणे ई-टू-बिग देते, त्यामुळे वेगळी तपासणी लागत नाही; मात्र ते उत्तर खरोखर पाहिले पाहिजे. स्ट्रएनसीपीवाय बफर पूर्ण भरल्यास शेवटचे शून्य लिहीतच नाही. स्ट्रएलसीपीवाय मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी मोजण्यासाठी शून्य सापडेपर्यंत वाचत राहत असे, आणि वापरकर्त्याने शून्यच दिले नसेल तर ते वाचन नोंदीच्या बाहेर जाई. २०२४ मधील ६.८ आवृत्तीत ते कर्नलमधून काढून टाकले गेले.

आपल्याकडील वापरकर्ते देवनागरीत नावे देतील हेही लक्षात घ्या. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे असतात, म्हणजे १५ बाइटांत जेमतेम ५ चिन्हे बसतात. बाइट मोजून तोडल्यास एखाद्या चिन्हाचा तिसरा हिस्साच उरू शकतो आणि ती स्ट्रिंग वैध यूटीएफ-८ राहत नाही. नाकारण्याच्या बाजूने हे आणखी एक कारण आहे.

अक्षांश

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत. चाचणीसाठी एक सुचवतो: केसॅन (स्मृतीचा चुकीचा वापर पकडणारे साधन) चालू केलेल्या कर्नलवर, एकूण मजकूर ४०९५, ४०९६ आणि ४०९७ बाइट भरेल अशा तीन याद्या तयार करून फाइल वाचा. मग तीच फाइल एका वेळी एकेक बाइट मागत वाचा आणि दोन्ही उत्तरे शेवटच्या बाइटापर्यंत जुळतात का ते पाहा. चाचणी चालू असताना मोजमापे स्थिर ठेवा, कारण बफर मोठा करण्यापूर्वी सेक_फाइल तुमचे स्टॉप, म्हणजे वाचनाची फेरी संपवणारे, फंक्शन बोलावते, तेथे लॉक सुटतो आणि दोन फेऱ्यांमध्ये आकडे बदलू शकतात.