शब्दचर्चा : प्रोटेस्टंट म्हणजे निषेध करणारा की साक्ष देणारा?

आम्ही इंदूरचे, मूळ नगरकडचे. परवा 31 ऑक्टोबरला घरी जर्मन ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या 1517 च्या 95 कलमांचा विषय निघाला तर मुलगा म्हणाला, मम्मी आपण प्रोटेस्टंट ना, मग आपण प्रोटेस्ट कशाचा करतो? मला उत्तर सुचलंच नाही आणि ते दोन दिवस टोचत राहिलं, कारण चार पिढ्या हे नाव लावतोय आपण. मराठीत याला नेमका शब्द काय? 'निषेधक' मला पटत नाही.

— ताई, न पटणंच बरोबर आहे. हे नाव 1517 चं नाहीच, ते 1529 चं, जर्मनीत स्पायर शहरातल्या सभेत ल्यूथरच्या बाजूच्यांना आधी दिलेली मोकळीक काढून घेतली तेव्हा काही राजे आणि 14 शहरांनी लेखी हरकत नोंदवली, त्यावरून पडलं. पण लॅटिनमधे प्रोटेस्टारी म्हणजे चारचौघात जाहीरपणे सांगणं, साक्ष देणं. बायबलच्या जुन्या-नव्या भागांना म्हणतात तो टेस्टामेंटही त्याच घरातला शब्द, आपण 'करार' म्हणतो म्हणून ते नातं दिसत नाही एवढंच.

— काकांचं बरोबर, तरी निषेध अगदी पुसून टाकू नका. हरकत घ्यायला हिंमत लागली होती त्यांना, समोर बादशहाची माणसं होती. साक्ष फुकट नसते. आपल्याकडे धर्मासाठी जीव देणाऱ्याला 'रक्तसाक्षी' म्हणतात ते उगाच नाही, ग्रीकमधेही मार्टिर म्हणजे मुळात साक्षीदारच.

— दोघांचे खूप आभार. 'साक्ष' वाचलं आणि आजी आठवली. इकडे उपासना हिंदीत, तिथे देवाचा स्वतःला आलेला अनुभव सांगण्याला 'गवाही' म्हणतात, पण आजी घरी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मराठीतच म्हणायची, चल आज तुझी साक्ष सांग. मी तिचीच गोष्ट परत सांगायचे, प्लेगमधे तिचे वडील कसे वाचले वगैरे, तर ती थांबवायची, ही माझ्या बापाची झाली, तुझी कुठंय? तेव्हा राग यायचा. आता कळतं, साक्ष शब्दातच अक्ष आहे म्हणजे डोळा, स्वतः पाहिलेलं, ऐकीव चालत नाही. मी इतकी वर्षं वारसा म्हणजे आजीचं बायबल कपाटात नीट ठेवणं समजत होते आणि स्वतःची प्रार्थना कधीच सुटली होती.

काल ते बायबल आणि तिचं ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या गीतांचं पुस्तक दोन्ही बाहेर काढलं, बांधणी सुटलीये पण वाचता येतं. मुलाला सांगितलं आपण साक्ष देणारे, त्याने लगेच विचारलं, मग तुझी सांग. सांगितली, अडखळत, अर्धी हिंदीत.

— ताई, अर्धी हिंदी चालते. इंदूरची साक्ष आहे ती.