मदत हवी आहे: समोरच्या बाईला स्वतःबद्दल किती सांगायचं?

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून चार वर्षं झाली. तालुक्याच्या गावी कौटुंबिक हिंसाचाराच्या समुपदेशन केंद्रात काम करते. येणाऱ्या बाईचा प्रश्न ठरलेला: "ताई, तुमचं लगीन झालंय का?" लगेच दुसरा, "मालक काय करतात?" माझ्या गळ्यात मंगळसूत्र नाही, पायात जोडवी नाहीत, नजर आधी तिथेच जाते. 'नियंत्रित भावनिक सहभाग', म्हणजे समोरच्याचं दुःख समजून घ्यायचं पण स्वतः त्यात वाहून जायचं नाही, हे कॉलेजात पाठ केलंय. पण चटका दिलेला हात पुढे करणाऱ्या बाईला "आपण तुमच्याविषयी बोलूया" म्हटलं की तिचा चेहरा मिटतो. तिने सगळं उघडं करायचं आणि मी मात्र गप्प!

दोन महिन्यांपूर्वी एक बाई आली (तपशील बदललेत). नवरा सोडायचा नव्हता. मार थांबावा, घराबाहेर काढू नये, एवढंच मागणं. घर नावावर नसलं तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातल्या कलम १७ ने तिथे राहायचा हक्क आहे, कलम १९ खाली तसा आदेश मागता येतो, हे समजावत होते. ती मध्येच म्हणाली, "तुमाला काय कळणार, तुमी शिकलेल्या." माझ्या तोंडून निघून गेलं, "मीही असंच सोसून बाहेर पडलेय."

पुढचा पाऊण तास माझ्यावरच. पोटगी मिळाली का, माहेरच्यांनी ठेवून घेतलं का. पुढच्या खेपेला आली ती, "मलाबी काडीमोडच करायचा, तुमी केला तसा." पोटात धस्स झालं. मला पगार होता, माहेर होतं. हिला रोजंदारी आणि दोन लेकरं. मग सासू आणि दीर केंद्रावर: "सोताचा संसार मोडला, आता दुसऱ्याचे मोडती."

मंगळवारी ती परत येतेय. काय बोलू? वरिष्ठांना अजून सांगितलेलं नाही. 'सांगायचंच नसतं' हे उत्तर कृपया नको, ते मला येतं.

प्रतिसाद १
व्यसनमुक्तीत आहे, स्वतः नऊ वर्षं दारूपासून लांब. आमचा कारभार उलटा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (दारू सोडणाऱ्यांचे स्वमदत गट) १९३५ पासून स्वतःचे अनुभव सांगण्यावरच चालतं. मीही प्यायचो हे कळलं नाही तर पेशंट ऐकतच नाही. पण तिथे सगळ्यांना एकच गोष्ट सोडायची असते. तुमच्याकडे राहायचं की निघायचं हे बाईने ठरवायचं, म्हणून माझा नियम तुम्ही उचलू नका. एक मात्र पाळतो: जी जखम अजून ओली आहे, ती पेशंटपुढे काढत नाही.

प्रतिसाद २
अगं, सरळ बोल. "त्या दिवशी मी माझं अर्धंच सांगितलं. मला पगार होता, माहेर होतं. तुम्ही आधी घरातच राहायचं म्हणाला होता, ते आता का बदललं?" आणि मग गप्प बस. कदाचित तिला पहिल्यापासून सोडायचंच असेल, धीर तुझ्यामुळे आला असेल, तेही होतं. सासू वरपर्यंत पोचायच्या आत वरिष्ठांना तूच सांग. फाईलमध्येही दोन ओळी लिही. 'मालक काय करतात'ला मी वीस वर्षं "एकटीच असते, बरं चाललंय" म्हणते आणि चहा मागवते.

धागाकर्ती
चहाचं सुचलंच नव्हतं! वरिष्ठांना उद्या सकाळी फोन करते. फाईलमध्ये 'घटस्फोट' लिहू, की नुसतं 'स्वतःचा अनुभव सांगितला'? उद्या कोर्टाने फाईल मागवली, तर सासरच्यांचा वकील तेच पान उघडेल.